प्रतिजैविक मिळत नाही तेव्हा

प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक्सचा, तुटवडा रुग्णाला पहिल्यांदा कळतो तो मेडिकलच्या काउंटरवर. बातमीत किंवा सरकारी कागदावर तो येईपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. ‘माल शॉर्ट आहे’, ‘स्टॉकिस्टकडेच नाही’, ‘कंपनीकडून येत नाही’ असे दुकानदार सांगतो आणि पुष्कळदा त्याच दमात दुसरे काहीतरी देऊ करतो. रुग्णाचे नुकसान व्हायला सुरुवात होते ती याच ठिकाणी. समोर आलेली दुसरी गोळी घेऊन घरी जाणे, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या शोधणे, किंवा ताप उतरलाच आहे म्हणून औषध सोडून देणे, हे तिन्ही मार्ग सोपे आहेत आणि तिन्ही धोक्याचे आहेत.

तुटवडा नेमका कशाचा आहे हे आधी कळले पाहिजे. कधी एका कंपनीचा ब्रँड संपलेला असतो आणि तेच औषध दुसऱ्या नावाने शेजारच्या दुकानात पडून असते. कधी औषध असते, पण हव्या त्या मात्रेची गोळी किंवा मुलांचे सिरप नसते. क्वचित मूळ औषधच बाजारातून नाहीसे होते. याशिवाय सरकारी केंद्रातून मोफत मिळणाऱ्या औषधांचा साठा संपणे हा एक स्वतंत्र प्रकार आहे; क्षयरोगाच्या रुग्णांनी तो २०२४ मध्ये सोसला. प्रत्येक प्रसंगी करायची गोष्ट वेगळी असते. रुग्णाची तारांबळ होते ती या सगळ्यांना एकच समजल्यामुळे.

औषध दुकानापर्यंत येते कसे

उदाहरण म्हणून पालघर जिल्ह्यातील गोखिवरे घेऊ. ते वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला आहे. एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे आहेत आणि त्यांत काम करणारी माणसे आसपासच्या चाळींत आणि इमारतींत राहतात. अशा वस्तीतल्या मेडिकलमधला माल कंपनीच्या डेपोतून स्टॉकिस्टकडे आणि तिथून दुकानात येतो. मुंबई परिसरातील मालाची मोठी गोदामे भिवंडीकडे आहेत आणि भिवंडीहून वसईला येणारा रस्ता अंजूरफाटा, कामण, चिंचोटी असा आहे. दरनियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के ठरलेला असतो आणि गोळ्यांना मुदत असते, म्हणून लहान दुकानदार थोड्याच दिवसांपुरता साठा ठेवतो. मागणी एकदम वाढली की हा साठा संपतो.

जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपारा भागात पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या आणि लोक गुडघाभर पाण्यातून चालत होते. अशा पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात. एकाच आठवड्यात एकाच भागातल्या सगळ्या दुकानांत एकच औषध मागितले गेले, तर ते काही दिवस मिळत नाही. हा तुटवडा स्थानिक असतो. रेल्वेच्या पश्चिमेकडच्या दुकानात किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारातल्या मेडिकलमध्ये तेच औषध बहुधा मिळते. चार फोन केले तर पायपीट वाचते. फोनवर ब्रँडचे नाव न विचारता औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि गोळ्यांची संख्या विचारावी.

दुसऱ्या जातीचा तुटवडा फार दूर सुरू होतो. पेनिसिलिन-जी हे बुरशीपासून, मोठ्या टाक्यांत किण्वन करून तयार होते. त्यापासून सिक्स-एपीए नावाचा मधला पदार्थ काढतात आणि त्याच्यापासून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन अशी रोजच्या वापरातली औषधे बनतात. सेफॅलोस्पोरिन गटातील अनेक औषधांमागे सेव्हन-एसीए असतो. भारतात गोळ्या आणि कॅप्सूल तयार करणारे कारखाने उदंड आहेत, पण हा मूळ माल अनेक वर्षे जवळपास पूर्णपणे चीनमधून येत राहिला.

एकेकाळी अशी स्थिती नव्हती. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत केली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले किण्वनाचे कारखाने एकेक करून मागे पडले. स्वस्त पेनिसिलिन मिळाले, पण पुरवठ्याची नाडी दुसऱ्याच्या हाती गेली. २०१६ मध्ये चीनच्या शानडोंग प्रांतातील एका कारखान्यात स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या इंजेक्शनची टंचाई अनेक देशांनी अनुभवली. करोनाची साथ सुरू झाली तेव्हा, ३ मार्च २०२० रोजी, भारत सरकारला २६ औषधे आणि कच्च्या मालांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्या यादीत मेट्रोनिडॅझोल, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल होते. त्याच वर्षी मूळ औषधे देशातच बनवण्यासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. तिच्यातून आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलिन-जीचा कारखाना उभा राहिला आणि २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

पालघर जिल्ह्यातच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे इतके कारखाने असताना टंचाई का व्हावी, असा प्रश्न पडतो. त्याचे एक उत्तर असे की पेनिसिलिन गटाची औषधे कुठल्याही कारखान्यात बनवता येत नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा कणही घातक ठरू शकतो, म्हणून या गटासाठी वेगळी इमारत आणि वेगळी हवा खेळवण्याची व्यवस्था लागते. मागणी वाढली म्हणून शेजारच्या कारखान्याने उद्यापासून उत्पादन सुरू करावे, असे होत नाही.

दुसरे कारण दराचे आहे. राष्ट्रीय औषध दर प्राधिकरण आवश्यक औषधांच्या कमाल किमती ठरवते. गरिबाला औषध परवडावे यासाठी ते योग्यच आहे. पण कच्चा माल महागला आणि दर तेवढाच राहिला की उत्पादक हात आखडता घेतात, काही जण उत्पादन बंद करण्याची परवानगी मागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली ती याच कारणाने, आणि त्यांत बेन्झिल पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सेफॅड्रॉक्सिल ही तीन प्रतिजैविके होती. जुनी, स्वस्त, पेटंट नसलेली औषधेच आधी दुर्मीळ होतात, हे रुग्णांनी आणि डॉक्टरांनी दोघांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चिठ्ठीवरचे नाव, पट्टीवरचे नाव

डॉक्टरच्या चिठ्ठीवर बहुधा ब्रँडचे नाव असते. गोळ्यांच्या पट्टीवर मात्र मूळ औषधाचे नाव छापणे बंधनकारक आहे आणि ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते. एकच अझिथ्रोमायसिन अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. ब्रँड संपला म्हणजे औषध संपले, असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

पण येथे कायद्याची एक अट आहे. औषध नियमावलीनुसार परिशिष्ट एचमधील, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाची चिठ्ठी आली असता दुकानदाराला आपल्या मर्जीने दुसरे औषध देता येत नाही, मग त्यात तोच घटक असला तरीही. महत्त्वाची अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत. हे परिशिष्ट मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातील औषध विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. पट्टीच्या पाठीमागची लाल उभी रेघही हेच सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये.

म्हणून ब्रँड मिळत नसेल, तर डॉक्टरला किंवा दवाखान्याला फोन करून चिठ्ठीवर मूळ नाव लिहून घेणे हा सरळ मार्ग आहे. सुरुवातीलाच मूळ नाव लिहून मागितले तर पुढचा हेलपाटाच वाचतो, आणि दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येणाऱ्या माणसासाठी हा हेलपाटा महाग असतो. डॉक्टरांनी शक्यतो मूळ नाव आणि सुवाच्य अक्षरात लिहावे, अशी वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ पासून स्पष्ट तरतूद आहे. तेव्हा ही विनंती करताना रुग्णाला संकोच वाटण्याचे कारण नाही. मूळ नाव हातात आले की जनऔषधी केंद्रातही शोध घेता येतो. जवळचे केंद्र आणि तेथील औषधांची यादी ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर दिसते.

पूर्ण कोर्सच्या गोळ्या एका दुकानात मिळाल्या नाहीत, तर मिळतील तेवढ्या घेऊन उपचार सुरू करावा आणि किती गोळ्या दिल्या हे दुकानदाराकडून चिठ्ठीवर शिक्क्यासह लिहून घ्यावे. उरलेल्या गोळ्यांची सोय मात्र त्याच दिवशी लावावी, शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नये. पट्टी कापून मिळाली असेल, तर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते. कापण्याआधी पूर्ण पट्टीचा फोटो काढून घ्यावा.

मात्रेचे गणित

ताकद वेगळी असली की घरच्या घरी हिशेब करण्याचा मोह होतो. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांच्या जोडगोळीच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. ६२५ ची गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्युलॅनिक आम्ल. ३७५ ची गोळी म्हणजे २५० आणि १२५. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर होते पण क्लॅव्युलॅनिक आम्ल दुप्पट जाते, आणि जुलाब, मळमळ हा त्रास मुख्यतः त्याच्यामुळेच होतो. मोठ्यांची गोळी कुटून मुलाला देताना हेच प्रमाण बिघडते. मुलाचे सिरप मिळत नसेल, तर मुलाचे वजन डॉक्टरला सांगून दुसऱ्या ताकदीच्या सिरपचे मिलिलिटरमधले नवे माप लिहून घ्यावे. नुसते ‘एक चमचा’ हे माप तुटवड्याच्या दिवसांत पुरेसे नसते, कारण एकाच नावाच्या दोन बाटल्यांत औषधाचे प्रमाण निराळे असू शकते. पाणी घालून तयार केलेले या जोडीचे सिरप फ्रिजमध्ये साधारण सात दिवस टिकते. टंचाईच्या भीतीने आधीच बाटल्या आणून ठेवायच्या असतील, तर त्या पावडरच्या रूपातच ठेवाव्यात आणि दुसऱ्या मुलाच्या वाटणीचे औषध आपण अडवत नाही ना, हेही पाहावे.

आणखी एक प्रकार काउंटरवर फार चालतो. सेफिक्सिम मागितले असता ‘ते नाही, पण सेफिक्सिम-ओफ्लॉक्सासिन आहे, त्याहून भारी’ असे सांगितले जाते. यात मूळ औषधाबरोबर न मागितलेले दुसरे प्रतिजैविक पोटात जाते. ओफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सहसा देत नाहीत. शिवाय ती क्षयरोगाच्या जंतूंवरही थोडा परिणाम करतात. दोन-तीन आठवड्यांचा खोकला अशा गोळ्यांनी तात्पुरता कमी होतो आणि क्षयरोगाचे निदान लांबते. वालीव-गोखिवऱ्यासारख्या दाट वस्तीत त्याची किंमत एकट्या रुग्णापुरती राहत नाही.

मूळ औषधच नसेल तर

या वेळी निर्णय पूर्णपणे डॉक्टरचा आहे, पण तो चांगला व्हावा यासाठी लागणारी माहिती रुग्णाजवळ असते. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले, तोंड सुजले किंवा धाप लागली, हे सर्वांत आधी सांगावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्याला अमॉक्सिसिलिनही चालत नाही, ही गोष्ट नाव वेगळे असल्यामुळे सुटून जाते. गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, चालू असलेल्या इतर गोळ्या, हे सारे पर्याय निवडताना लागते.

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे कल्चरचा अहवाल. लघवी, पू किंवा रक्त यांतून जंतू वाढवून त्यावर कोणती औषधे चालतात हे प्रयोगशाळा तपासते आणि प्रत्येक औषधापुढे एस, आय किंवा आर असे अक्षर लिहिते. एस म्हणजे औषध लागू पडण्याची अपेक्षा, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. हा अहवाल हाताशी असेल तर एक औषध नसले तरी त्याच यादीतले दुसरे लगेच निवडता येते, अंदाजाने सर्वांत जहाल औषधाकडे जावे लागत नाही. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या रुग्णांनी हे अहवाल जपून ठेवावेत. नमुना मात्र प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा असतो.

पर्याय बदलला की नियमही बदलतात, ही गोष्ट रुग्णाला कोणीतरी सांगायला हवी. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घेऊन काही वेळ आडवे व्हायचे नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताच्या औषधांबरोबर घेतले तर नीट शोषले जात नाही. पहिले औषध तीन वेळा होते आणि दुसरे एकदाच आहे, याचा अर्थ दुसरे कमजोर आहे असा होत नाही.

बेन्झाथिन पेनिसिलिनची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते, कारण त्याला तोडीस तोड पर्याय नाही. संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपांना इजा झालेल्या मुलांना आणि तरुणांना हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. हा ताप पुन्हा आला तर झडपा आणखी बिघडतात. गर्भवतीला सिफिलिस असेल, तर तो बाळाला होऊ नये म्हणून हेच औषध लागते. जगभर मोजकेच कारखाने त्याचा मूळ माल बनवतात. औषध इतके स्वस्त आहे की त्यात फारसा नफा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच त्याच्या टंचाईकडे जगाचे लक्ष वेधले होते. अशा रुग्णाने इंजेक्शनच्या तारखेला दुकान शोधायला निघू नये, आठवडाभर आधी चौकशी करावी. मिळालेच नाही, तर तारीख चुकवून पुढच्या खेपेची वाट पाहण्यापेक्षा हृदयरोगतज्ज्ञाला किंवा ज्या रुग्णालयात नाव नोंदले आहे तेथे त्याच दिवशी कळवावे. तोपर्यंत रोज घ्यायच्या पेनिसिलिनच्या गोळ्या, आणि ॲलर्जी असल्यास एरिथ्रोमायसिन, असे पर्याय डॉक्टर देऊ शकतात. गोळ्यांचे संरक्षण इंजेक्शनपेक्षा कमी असते आणि त्या रोज आठवणीने घ्याव्या लागतात, पण काहीच न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

थांबता येईल का, हा प्रश्नही डॉक्टरला विचारण्यासारखा आहे. सर्दी, बहुतेक घसादुखी आणि फ्लू हे विषाणूंचे आजार असतात आणि त्यांना प्रतिजैविक लागतच नाही. उलट धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, हुडहुडी भरून चढणारा ताप, लघवी जवळजवळ बंद होणे, बाळाने दूध न ओढणे, यांपैकी काही असेल तर दुकाने धुंडाळण्यात एक तासही घालवू नये. अशा रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. तिथे इंजेक्शनच्या रूपात दुसरी औषधे उपलब्ध असतात. कोर्सच्या मध्येच एखादा डोस चुकला, तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत. साठा पुरावा म्हणून तीनदाची गोळी दोनदा किंवा अर्धी करून घेतली, तर रक्तात औषधाची पातळी जंतू मरण्याइतकी राहत नाही आणि चिवट जंतू तेवढे शिल्लक राहतात.

क्षयरोगाच्या गोळ्या आणि २०२४ ची टंचाई

महाराष्ट्रात दरवर्षी क्षयरोगाच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद होते. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची गोळी. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढाला रोज तीन आणि ५० ते ६४ किलोच्या प्रौढाला रोज चार गोळ्या. सरकारी केंद्रातून त्या मोफत मिळतात.

१८ मार्च २०२४ रोजी केंद्रीय क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र पाठवले. पुरवठ्याला उशीर होत असल्याने पुढील तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करावीत आणि जिथे तेही जमत नाही तिथे रुग्णाने स्वतः घेतलेल्या औषधांचा खर्च त्याला परत द्यावा, असे त्यात म्हटले होते. त्या काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून रुग्णांना महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या मिळत असल्याच्या बातम्या आल्या. ही पहिली वेळ नव्हती. २०१३ मध्येही देशात क्षयरोगाच्या औषधांची, विशेषतः मुलांच्या मात्रांची, टंचाई झाली होती. ज्या आजाराचे औषध एक दिवसही चुकवू नका असे शासनच रुग्णाला सांगते, त्या औषधाचा साठा शासनाकडेच संपावा, ही गंभीर बाब आहे आणि तिची जबाबदारी रुग्णावर ढकलता येत नाही.

अशा वेळी रुग्णाने काय करू नये, हे आधी सांगितले पाहिजे. चारपैकी एकच औषध मेडिकलमध्ये मिळाले म्हणून ते एकटे घेत राहू नये. शरीरातल्या कोट्यवधी क्षयजंतूंमध्ये प्रत्येक औषधाला आधीपासूनच न जुमानणारे काही थोडे जंतू असतात. चार औषधे एकत्र असली की एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरतो. एकटे औषध घेतले की त्याला न जुमानणारेच तेवढे जगतात, वाढतात आणि काही आठवड्यांत तो आजार औषध-प्रतिरोधक होतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११च्या अखेरीस उपलब्ध सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण जगापुढे आणले, तेव्हा चुकीच्या आणि अर्धवट उपचारांचा हाच मुद्दा पुढे आला होता.

पाच-सहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच केंद्रातील आरोग्य कर्मचाऱ्याला पुढच्या साठ्याबद्दल विचारावे. प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाला निक्षय क्रमांक मिळालेला असतो. तो उपचाराच्या कार्डावर असतो आणि फोनमध्येही टिपून ठेवावा. गोखिवऱ्यातल्या गाळ्यांत काम करणारा उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा कामगार होळीला, छटपूजेला गावी जातो, तेव्हा या क्रमांकावर त्याचा उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येतो. तुटवड्याच्या काळातही हा क्रमांक उपयोगी पडतो, कारण महापालिकेच्या एका आरोग्य केंद्रात गोळ्या नसल्या तरी दुसऱ्या केंद्रात असू शकतात आणि कर्मचारी त्या तिथून मागवू शकतात. क्षयरोगाची मोफत मदतवाहिनी १८००-११-६६६६ आहे.

केंद्रात खरोखरच गोळ्या नसतील, तर तेथील डॉक्टरकडून बाजारात मिळणाऱ्या औषधांची चिठ्ठी लिहून घ्यावी. खासगी दुकानांत ही चार औषधे वेगवेगळी किंवा एका दिवसाच्या पाकिटात एकत्र मिळतात. पाकिटातील मात्रा सरकारी गोळीपेक्षा वेगळ्या पद्धतीने बसवलेल्या असतात, म्हणून ‘तीन गोळ्या म्हणजे तीन पाकिटे’ असा समज करून घेणे जिवावर बेतू शकते. चार औषधांची गोळी आणि तीन औषधांची गोळी यांची अदलाबदलही आपल्या मनाने करू नये. पायराझिनामाइड विनाकारण लांबवले तर यकृताला त्रास होऊ शकतो. खर्च परत मिळवायचा तर दुकानाचे छापील बिल, चिठ्ठीची प्रत आणि निक्षय क्रमांक, तिन्ही लागतात. पोषणासाठी मिळणारी दरमहा मदत, जी नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली, ती वेगळी आहे. औषधांचा खर्च त्यातूनच भागवावा, असा तिचा अर्थ नाही.

मधले काही दिवस औषधाविना गेलेच, तर ते लपवू नये. किती दिवस खंड पडला, यावर उपचार तसाच पुढे न्यायचा, वाढवायचा की थुंकीची तपासणी पुन्हा करायची, हे ठरते.

टंचाईत शिरणारा बनावट माल

जिथे माल कमी, तिथे खोट्या मालाला वाव. नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या अन्न व औषध प्रशासनाने तपासल्या, तेव्हा त्यात औषधच नव्हते. पुढे २०२४ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, असे पोलिसांनी म्हटले. रुग्णाला गोळीत काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण काही खबरदारी त्याच्या हाती असते. औषध परवानाधारक दुकानातूनच आणि बिल घेऊनच खरेदी करावे. बिलावरचा बॅच क्रमांक पट्टीशी जुळतो का, ते पाहावे. खूप खपणाऱ्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे आणि काही नेहमीची प्रतिजैविके त्यांत आहेत. फोनने तो तपासता येतो. ओळखीच्या माणसाने बिलाशिवाय मिळवून दिलेली, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितलेली किंवा अक्षरे पुसट असलेली पट्टी नाकारावी. औषध घेऊनही दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर पट्टी फेकून न देता डॉक्टरला दाखवावी.

तक्रार कुठे करायची

औषध मिळत नाही ही तक्रार दुकानदाराशी वाद घालून सुटत नाही. त्यासाठी सरकारी जागा आहेत. बनावट किंवा जादा दराच्या औषधांसाठी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. एखादे औषध बाजारातच उपलब्ध नसेल, तर राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’ या संकेतस्थळावर किंवा १८००-१११-२५५ या क्रमांकावर कळवता येते. औषधाची कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर पाहता येते.

दरनियंत्रणाखालील औषधाचे उत्पादन थांबवायचे असेल, तर २०१३ च्या औषध दर नियंत्रण आदेशानुसार कंपनीला किमान सहा महिने आधी सरकारला कळवावे लागते आणि जाहीर सूचना द्यावी लागते. गरज पडल्यास उत्पादन वाढवण्याचा आदेश देण्याचा अधिकारही सरकारला आहे. हे अधिकार वापरले जाण्यासाठी टंचाई कुठे आणि कशाची आहे, ते वर कळावे लागते. तक्रारीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, कंपनी, किती दुकानांत चौकशी केली, त्यांचा परिसर आणि तारखा लिहाव्यात, चिठ्ठीची प्रत जोडावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. महापालिकेच्या किंवा शासनाच्या रुग्णालयात औषध नसल्यास तेथील वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बाहेरून औषध आणायला सांगितले गेले असेल, तर ते केसपेपरवर लिहून मागावे.